चारशे रुपयांत रिटर्न भरू नका, ताई

पत्र: मी इचलकरंजीची. बी.कॉम. झाल्यापासून नऊ वर्षं एका सीए सरांकडे काम करते. टॅली या सॉफ्टवेअरवरचे हिशेब, जीएसटी, टीडीएस, साधी आयकर रिटर्नं सगळं मीच बघते. ऑडिट आणि सह्या तेवढ्या सरांच्या. पगार अठरा हजार. घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम सुरू करावं असं दोन वर्षं डोक्यात आहे. सरांचे सात-आठ क्लायंट म्हणतात, ‘मॅडम, तुम्ही निघालात की आम्ही तुमच्याकडे.’ त्यांना घ्यावं का? बाजारात जीएसटी रिटर्नचे पाचशे घेतात, मी चारशेने सुरुवात करू का? कुणाचं ऑडिट असेल तर काय करायचं? नोकरी कधी सोडू? आणि काम वाढवायचं कसं?
– एक वाचक, इचलकरंजी

ताई,

चारशेचा आकडा आधी खोडा, बाकीचं मग बोलू.

नऊ वर्षं लोकांचे हिशेब केलेत, आता एक स्वतःचा मांडा. नोकरी सुटल्यावर घरात अठरा हजार तरी यायलाच हवेत, नाहीतर घरचेच म्हणतील, बरी होती ती नोकरी. टॅलीचं लायसन्स, इंटरनेट, वीज, प्रिंटरची शाई आणि नेमका रिटर्नच्या शेवटच्या तारखेआधी, १९ला, बंद पडणारा कॉम्प्युटर हे सगळं महिन्यावर पसरलं तर आठ हजार धरा. मदतीला अर्धा दिवस एखादी मुलगी घेतली तर आणखी सात. झाले तेहेतीस हजार. आता तास. रोज सात तास बसलात तर महिन्याचे पावणेदोनशे होतात. त्यातून फोन, न उघडणारं पोर्टल, ओटीपीची वाट बघणं आणि ‘मॅडम, एक मिनिट विचारायचं होतं’ म्हणून अर्धा तास बसणारे लोक वजा करा. ज्याचे पैसे मागता येतील असे शंभर तास उरले तरी पुष्कळ. म्हणजे तासाला तीनशे तीस रुपये ही नुसती तोंडमिळवणी झाली.

महिन्याला साठ-सत्तर बिलं असलेल्या कापडवाल्याचं काम किती तासांचं असतं हे तुम्ही मला सांगाल. नोंदी, बँक जुळवणं, २बी (खरेदीवरच्या कराची किती वजावट, म्हणजे क्रेडिट, मिळेल याची पोर्टलवर बनणारी यादी) ताडून बघणं, जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), मग ३बी (कर भरायचं रिटर्न), असे पाच तास कुठेच गेले नाहीत. म्हणजे साडेसोळाशेचा तर तुमचा खर्चच. चारशे घेतलेत तर दर महिन्याला साडेबाराशे रुपये तुम्ही त्याच्या धंद्यात भांडवल म्हणून घातलेत, आणि भागीदारीचं पत्रसुद्धा नाही.

मग पाचशेत भरणारे कसे भरतात? काहींचे क्लायंट स्वतःच टॅली करतात, डेटा तयार येतो, वीस मिनिटांत काम होतं. त्या कामाला पाचशे रास्त आहेत, तुम्हीही घ्या. बाकीचे मात्र फोनवर विक्रीचा आकडा विचारतात, पोर्टलवर दिसेल ते क्रेडिट उचलतात आणि फाइल बंद करतात. वर्षअखेरीला टॅली एक सांगते, रिटर्न दुसरं आणि बँक तिसरंच. ते निस्तरायला क्लायंट शेवटी तुमच्या सरांसारख्यांकडेच येतो. अशा फाइली तुमच्या टेबलावरूनही गेल्या असतील.

आपण कशाचे पैसे घेतो ते एकदा नीट बघू. समजा तुमच्या कापडवाल्याने दोन लाखांचं सुती सूत घेतलं, वर ५ टक्क्यांनी दहा हजार कर. सूतवाला छोटा, तिमाही रिटर्नवाला. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांतलं बिल त्याने पुढच्या महिन्याच्या १३ तारखेच्या आत आयएफएफमध्ये (तिमाहीवाल्यांनी मधल्या महिन्यांची बिलं चढवायची पोर्टलवरची सोय) चढवलं नाही, तर १४ तारखेला बनणाऱ्या २बीमध्ये ते येत नाही. आणि २बीमध्ये नसलेलं क्रेडिट घेता येत नाही, १ जानेवारी २०२२ पासून कायदाच तसा आहे. २० तारखेला, ३बीच्या शेवटच्या दिवशी, क्लायंट म्हणणार, ‘बिल हातात आहे की, घेऊन टाका.’ घेतलंत आणि वापरलंत तर पुढे नोटीस आणि १८ टक्के व्याज. नाही घेतलंत तर या महिन्यात त्याला दहा हजार खिशातून भरावे लागतात आणि तोंड वाकडं होतं तुमच्यावर. पण १० तारखेलाच खरेदीची यादी काढून सूतवाल्याच्या दिवाणजीला फोन लावला असता, ‘आमचं अमुक नंबरचं बिल चढवा हो,’ तर यातलं काहीच झालं नसतं. पैसे त्या फोनचे घ्यायचे, ताई. बटण काय, क्लायंटचा मुलगाही दाबेल.

तेव्हा ‘रिटर्नचे किती’ या प्रश्नाला उत्तरच देऊ नका. आधी महिन्याची बिलं, बँक खाती, कामगार किती हे विचारा, गेल्या तीन महिन्यांचे कागद बघा आणि मग महिन्याची एक रक्कम सांगा. ती एका पानावर लिहून सही घ्या. त्यात काय धरलंय आणि काय नाही हे स्पष्ट असू द्या. वार्षिक रिटर्न, नोटिशीचं उत्तर, बँकेच्या कर्जाचे कागद यांचे पैसे वेगळे. कागद दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत यायला हवेत हेही तिथेच लिहा. रिटर्नला उशीर झाला की रोजचे ५० रुपये, व्यवहार निरंक असला तरी रोजचे २० रुपये लेट फी लागते. कागद वेळेवर येऊन चूक आपली असेल तर ती फी आपण भरायची, कागदच १९ तारखेला संध्याकाळी कॅरीबॅगेत आले तर त्याने. हे आधी लिहिलेलं नसलं की दर वेळी भांडण ठरलेलं.

फी महिन्याच्या महिन्याला, आगाऊ. यूपीआयवर ऑटोपे लावून घेता आलं तर सोन्याहून पिवळं. आपल्या भागात ‘दिवाळीला एकदम देतो’ म्हणायची पद्धत आहे, आणि दिवाळीला तो निम्मे देऊन बाकीचे गुढीपाडव्यावर ढकलतो. नव्या व्यवसायातली बाई बघून तर हमखास. त्याला गोडीत सांगायचं, ‘दादा, माझ्याकडे उधारीचं खातंच नाही.’

एका बाबतीत मात्र गोडीही नको. क्लायंटच्या कराचा पैसा तुमच्या खात्यावर किंवा हातात कधीच घ्यायचा नाही. ‘तुम्हाला जीपे करतो, तुम्ही चलन भरा’ हे सोयीचं वाटतं. पण एखाद्या महिन्यात तुमच्या मुलाची फी आणि त्याचं चलन एकाच दिवशी आलं की काय होतं, याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. चलन तुम्ही बनवा, पैसे त्याच्या बँकेतून जाऊ द्या.

आता सरांचे क्लायंट. ‘आम्ही तुमच्याकडे’ म्हणणाऱ्या सात-आठांतले प्रत्यक्षात दोन-तीन येतील, आणि त्यातला एक सरांची फी थकवलेला असेल. त्यांच्या भरवशावर नोकरी सोडू नका आणि सरांच्या पाठीमागे बोलणीही करू नका. आधी सरांना सांगा, तेही समोर बसून. निघताना टॅलीचा बॅकअप, पासवर्डची वही, क्लायंटच्या नंबरांची यादी यातलं काहीही घरी आणायचं नाही. तो डेटा सरांच्या ऑफिसवर विश्वासून दिलेला आहे. त्यानंतर एखादा आपणहून आलाच तर म्हणा, ‘आधी सरांना कळवा, त्यांची बाकी मिटवा, तुमचे कागद तुम्ही मागून घ्या, मग बसू.’ थोडं कडक वाटेल. पण बाकी बुडवून आलेला उद्या तुमचीही बुडवून पुढे जाणार.

शिवाय सरांशी संबंध बिघडवणं परवडणारं नाही. टॅक्स ऑडिट किंवा कंपनीचं ऑडिट यावर सही फक्त सीएचीच चालते. धंद्याची उलाढाल एक कोटीच्या वर गेली की टॅक्स ऑडिट (रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर दहा कोटींपर्यंत सूट), आणि कापडात एक कोटी म्हणजे काही फार नव्हे. असे क्लायंट तुमच्याकडे येणारच. हिशेब तुम्ही ठेवायचे, ऑडिट सरांनी करायचं, त्यांची फी क्लायंटने थेट त्यांना द्यायची. ‘ऑडिट पाठवलं, माझं कमिशन?’ हा प्रश्न विचारू नका. सीएला आपल्या फीतला वाटा बाहेरच्या माणसाला देता येत नाही, त्यांच्या कायद्यात तो गैरवर्तणुकीत मोडतो. आणि ‘सहीचे इतके, काही बघायची गरज नाही’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. २०१९ पासून सीएच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर आणि ऑडिट रिपोर्टवर १८ अंकी यूडीआयएन (त्या कागदाचा ओळख क्रमांक) असतो, आणि बँकेतला कारकूनही तो दोन मिनिटांत तपासतो.

खरं तर सरांनाच विचारा, ज्यांना वेळ देता येत नाही असे छोटे क्लायंट तुम्ही माझ्याकडे पाठवाल का? सप्टेंबरात ऑडिटच्या रगाड्यात बुडालेल्या सीएला बारीक रिटर्नं नकोशी झालेली असतात. चांगल्या मनाने निघालात तर पहिले चार क्लायंट त्यांच्याकडूनच येतील.

त्यासाठी निघायची वेळ नीट निवडा. सप्टेंबर-ऑक्टोबरात राजीनामा देणं म्हणजे सरांना भर पुरात सोडणं. ३१ डिसेंबरला जीएसटीचं वार्षिक रिटर्न संपलं की निघा. जानेवारी ते मार्च हातात थोडं काम, बाकी तयारी. नवे क्लायंट शक्यतो १ एप्रिलपासून घ्या. वर्षाच्या मध्यात घेतलेल्या फाइलमध्ये आधीच्या माणसाने केलेला गोंधळ तुमच्या नावावर चढतो आणि ओपनिंग बॅलन्स जुळवण्यात महिना जातो, त्याचे पैसे कुणी देत नाही. एप्रिल-जूनसाठी क्लायंटला तिमाही रिटर्नचा पर्याय घ्यायचा तर खिडकी १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल अशी असते, तीही या वेळापत्रकात नेमकी बसते.

तयारीचे तीन महिने मोकळे समजू नका, आयकराचा अभ्यास करा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो. तोंडपाठ असलेले कलमांचे आकडे बदलले. पण २०२५-२६च्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचं, त्यामुळे काही काळ दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून काम चालेल. जुने मुरलेले लोक इथेच अडखळतील. नव्याने सुरू करणाऱ्याला बाजारातल्या जुन्यांच्या बरोबरीने उभं राहायची अशी संधी वारंवार येत नाही.

तुमच्या ऑफिसचे कागद पटकन उरकतील. गुमास्त्याची, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालची ऑनलाइन सूचना, उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, कुणाला पैसे देऊ नका), व्यवसाय कराचा पीटीईसी (स्वतःच्या नावाची नोंदणी) वर्षाला अडीच हजार. वर्षाची जमा वीस लाखांच्या वर जाईपर्यंत स्वतःचा जीएसटी नंबर नको. बी.कॉम. असल्यामुळे पीसीटी-०१ हा फॉर्म भरून जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करा. मग क्लायंट तुम्हाला पोर्टलवर रीतसर अधिकृत करू शकतो, त्याचा पासवर्ड मागायची गरज राहत नाही. पाटीवर ‘कर सल्लागार, जीएसटी प्रॅक्टिशनर’ लिहा. सीए या अक्षरांचा भास होईल असं काहीही नको, तो गुन्हा आहे.

पासवर्डचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. नोंदणी करताना कित्येक सल्लागार क्लायंटच्या जागी स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकतात. ओटीपी लवकर मिळतो ही सबब. खरं कारण असं की क्लायंट मग सुटत नाही. तुम्ही असं करू नका. त्या ईमेलवर नोटीस येते, ती तुमच्या नजरेतून सुटली तर जबाबदारी कुणाची? महिन्यातून एकदा प्रत्येक क्लायंटचं पोर्टल उघडून नोटिसांचा आणि त्याच्याच शेजारचा ‘अ‍ॅडिशनल नोटिसेस’चा असे दोन्ही कप्पे बघायची सवय लावा. दुसऱ्या कप्प्यात पडून राहिलेल्या नोटिशीवर एकतर्फी आदेश निघाले, अपिलाचे तीन महिनेही उलटले आणि मग बँक खातं गोठल्यावर व्यापाऱ्याला कळलं, असं भरपूर झालं आहे.

कोणाला घ्यायचं नाही हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण सुरुवातीला हात रिकामा असतो आणि नेमके हेच लोक पहिले येतात. गिरणी-कारखान्यातला पगारदार म्हणेल, ‘अमक्याने रिफंड काढून दिला, दहा टक्के घेतले, तुम्हीही काढा.’ तो रिफंड न दिलेल्या देणग्या, नसलेलं घरभाडं, नसलेला आजार दाखवून काढलेला असतो. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभर धाडी घातल्या त्या अशीच रिटर्नं भरून देणाऱ्यांवर. रिफंडच्या टक्क्यावर फी घ्यायचीच नाही, म्हणजे मोहच नको. दुसरा येईल तो ‘फक्त बिलं फिरवायची आहेत, माल नाही’ म्हणणारा. फी तो तिप्पट देईल. त्याला चहा पाजून परत पाठवा. तिसरा तसा निरुपद्रवी, पण डोकं खाणारा: कर्जासाठी नफा वाढवून आणि करासाठी कमी करून हवा असलेला, म्हणजे एकाच वर्षाचे दोन ताळेबंद मागणारा. त्यालाही नको म्हणा.

मग घ्यायचं कुणाला? तुम्ही इचलकरंजीत आहात, खर्चीवाले (मजुरीवर कापड विणून देणारे) यंत्रमागधारक आणि त्यांना सूत देणारे व्यापारी यांच्या मधोमध. सगळ्या गावाची रिटर्नं भरत बसण्यापेक्षा या एका धंद्याच्या हिशेबात मुरा. व्यापाऱ्याने बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) खर्चीवाल्याकडे पाठवलं, किती मीटर कापड आलं, चिंधी किती, सूत अजून कुणाच्या शेडमध्ये पडलंय, हे बहुतेकांच्या टॅलीत नसतंच, दिवाणजीच्या वहीत असतं. आयटीसी-०४, म्हणजे मजुरीला पाठवलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म, भरायची वेळ आली (पाच कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना वर्षातून एकदा, २५ एप्रिलपर्यंत) की धावाधाव. हा हिशेब दर महिन्याला जुळवून देणारी बाई कापडवाल्याला रिटर्नवाल्यापेक्षा चौपट किमतीची वाटते, कारण तिच्यामुळे त्याला त्याचं सूत सापडतं.

तसंच ४५ दिवसांचं. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं किंवा सेवा देणाऱ्याचं बिल लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं. मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिलं तर त्या वर्षी तो खर्च आयकरात धरत नाहीत. २०२४ च्या मार्चमध्ये यावरून कापडबाजारात केवढी ओरड झाली ते तुम्ही जवळून पाहिलंच असेल. दर महिन्याला क्लायंटला एक कागद द्या: कुणाचं देणं किती दिवसांचं, त्यातले उद्यम नोंदणीचे कोण, नुसते व्यापारी कोण (व्यापाऱ्यांना ही अट लागत नाही). आणि खर्चीवाला क्लायंट असेल तर उलट बाजूने, त्याच्या थकलेल्या मजुरीची यादी. एका पानाचा तो कागद बघून क्लायंट शेजारच्या शेडवाल्याला तुमचं नाव सांगतो. पॅम्प्लेट वाटून आलेला माणूस आधी दर विचारतो, शेजाऱ्याने पाठवलेला कागद घेऊनच येतो. टॅली विकणारे, बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणारे आणि व्यापाऱ्यांचे दिवाणजी या तिघांशी ओळख ठेवा. दिवाणजीचा तर फोन कधीच टाळू नका.

वाढवायचं म्हणजे क्लायंटची संख्या वाढवायची, असं पहिल्या वर्षी समजू नका. पंधरा चांगले क्लायंट दोन-दोन हजारांचे झाले की तुमचा पगार सुटला. त्यापुढचा प्रत्येक माणूस ११ (जीएसटीआर-१) आणि २० (३बी) तारखेची गर्दी वाढवतो. तेव्हा मदतनीस घ्या, आणि घ्याल ती मार्चमध्ये घ्या. जुलैत घेतलेल्या मुलीला शिकवायला तुम्हाला वेळ नसतो आणि ती घाबरून ऑगस्टमध्ये जाते. नोंद तिने करायची, तपासायची तुम्ही. स्वतः केलेली नोंद स्वतःच तपासली की चूक दिसत नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं. महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ आहे. मुलगा घेतलात आणि पगार साडेसात हजारांच्या वर गेला की पीटीआरसी (नोकरांच्या पगारातून व्यवसाय कर कापून भरायची नोंदणी) काढा आणि महिन्याला १७५ कापा, दहा हजारांच्या वर २००, फेब्रुवारीत ३००.

दर एप्रिलला फी थोडी वाढवा, आणि यादीतले जे दोघे सगळ्यात उशिरा कागद देतात, सगळ्यात जास्त फोन करतात आणि पैसे सगळ्यात शेवटी देतात, त्यांची फी दुप्पट सांगा. थांबले तर ठीक. गेले तर त्यांना हिशेब नीट लावून, बॅकअप पेनड्राइव्हवर देऊन, पोचपावतीवर सही घेऊन पाठवा.